तपकिरी लेदरच्या महागड्या बुटांना कोणतं पॉलिश लावावं?

आधी क्रीम, मग हवं तर वॅक्स. क्रीम पॉलिश चामड्यात मुरतं, ते मऊ ठेवतं आणि उडालेला रंग भरून काढतं. डबीतलं वॅक्स वरच बसतं. चकाकी देतं, पाणी थोडंफार अडवतं. ते फक्त टाचेला आणि पुढच्या टोकाला चोळा. बूट दुमडतो तिथे जाड थर दिला की पांढरट भेगा दिसायला लागतात. स्पंजवाल्या बाटलीतलं झटपट पॉलिश चांगल्या बुटांना नकोच. रंग बुटापेक्षा किंचित फिका घ्या, शंका असेल तर न्यूट्रल, म्हणजे बिनरंगी. स्वेडला (मखमलीसारख्या लवदार चामड्याला) यातलं काहीच नाही, नुसता ब्रश. पावसात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. पूर्ण कोरडे झाल्याशिवाय क्रीम लावू नका.