'ब्लॅक ब्यूटी' वर्गात शिकवताना

मराठी माध्यमाच्या आठवीच्या इंग्रजीच्या तासासाठी आपण 'ब्लॅक ब्यूटी' ही इंग्रजी कादंबरी निवडलीत हे उत्तमच झाले. मात्र सगळी 49 प्रकरणे संपवण्याच्या मागे लागू नका. 1877 सालच्या या कादंबरीत घोडा स्वतःच आपली कहाणी सांगतो, त्यामुळे प्रथमपुरुषी निवेदन मुलांना आपसूक उमगते. लगाम, खोगीर यांचे इंग्रजी शब्द फळ्यावर चित्र काढून द्या. पुण्यात टांग्यातून फिरलेले आजी-आजोबा बऱ्याच घरांत आहेत; त्यांना विचारून मुलांनी चार वाक्ये इंग्रजीत लिहावीत. घोड्याची मान ताठ दिसावी म्हणून आवळलेल्या 'बेअरिंग रेन' या लगामाविषयीचा भाग मात्र सावकाश, मोठ्याने वाचा, कारण चढावर गाडी ओढताना मान खाली घेता न येणाऱ्या त्या जिवाची घुसमट ऐकून अबोल मुलेही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागतात, आणि त्या वेळी त्यांचे व्याकरण सुधारत बसू नये.