ऐच्छिक समापनात गेलेली कंपनी आणि थकलेली बाकी

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्री कंपनीला मी पिग आयर्न आणि स्क्रॅप पुरवत होतो. 18 लाख 40 हजार रुपये दीड वर्षापासून थकले आहेत. बारा दिवसांपूर्वी कंपनीने ऐच्छिक समापनाचा, म्हणजे स्वतःहून कारभार गुंडाळण्याचा ठराव केला. त्याआधी वर्षभरात तिची इंडक्शन फर्नेस (धातू वितळवण्याची विजेची भट्टी) एका संचालकाच्या भावाच्या फर्मला मातीमोल भावाने विकली गेली. मालमत्ता विकून देणी भागवणारा लिक्विडेटरही कंपनीनेच नेमला आहे. उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे अर्ज करून हे समापन कोर्टामार्फत करून घेता येईल का?

उत्तर : तुमच्या प्रश्नामागचा समज जुन्या कायद्यावर बेतलेला दिसतो. कंपनी कायदा, 1956 च्या कलम 440 नुसार ऐच्छिक समापन चालू असतानाही धनकोला (ज्याचे कंपनीकडून येणे आहे त्याला) उच्च न्यायालयाकडे जाता येत असे, आणि ते समापन धनकोंचे हित राखून पुढे चालू शकत नाही अशी खात्री पटल्यास न्यायालय समापनाचा आदेश देत असे. आज तो मार्ग उरलेला नाही. 2013 च्या कंपनी कायद्यातील समापनाच्या कारणांतून ‘कर्ज फेडण्याची असमर्थता’ हे कारण आणि अर्जदारांच्या यादीतून धनको, दोन्ही 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने वगळले. ऐच्छिक समापन आता संहितेच्या कलम 59 खाली होते आणि त्यातील वाद राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जातात. सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसते, पण या अर्जाची पहिली पायरी ती नव्हे. संहितेच्या कलम 9 खालची दिवाळखोरीची कारवाईही तुम्हाला उपलब्ध नाही, कारण तिच्यासाठी किमान एक कोटी रुपयांची थकबाकी लागते.

तरीही तुमची बाजू दुबळी नाही, आणि तिचा खरा जोर कलम 59 च्या पहिल्याच पोटकलमात आहे. ज्या कंपनीने देणे थकवलेले नाही, तिलाच ऐच्छिक समापन करता येते. बहुसंख्य संचालकांना कंपनी आपली सर्व देणी मालमत्तेच्या विक्रीतून पूर्ण फेडू शकेल आणि हे समापन कोणाला फसवण्यासाठी नाही, असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. देणी असतील तर एकूण कर्जाच्या रकमेत दोन तृतीयांश वाटा असलेल्या धनकोंनी ठरावाला सात दिवसांत मंजुरी द्यावी लागते. ती मंजुरी घेताना धनकोंच्या यादीत तुमचे नाव होते का, हा माझा तुम्हाला पहिला प्रश्न आहे. 31 मार्चच्या बाकीची खातरजमा करणारे, संचालकाच्या सहीशिक्क्याचे एखादे पत्र तुमच्या फायलीत असेल, तर ते एकटेच प्रतिज्ञापत्राला छेद देऊ शकते. ते आजच शोधा.

लिक्विडेटर कंपनीने नेमलेला असला तरी तो नोंदणीकृत दिवाळखोरी व्यावसायिक असतो आणि त्याच्यावर कायद्याची बंधने असतात. ऐच्छिक समापनाच्या 2017 च्या विनियमांतील विनियम 40 नुसार, समापन कोणाला फसवण्यासाठी चालले आहे किंवा देणी पूर्ण फिटणार नाहीत असे त्याचे मत झाल्यास, प्रक्रिया स्थगित करून योग्य ते आदेश द्यावेत असा अर्ज त्याने न्यायाधिकरणाकडे करणे बंधनकारक आहे. ऐच्छिक समापनाचे कोर्टामार्फतच्या समापनात जे ‘रूपांतर’ तुम्हाला हवे आहे, ते सध्याच्या कायद्यात याच वाटेने मिळू शकते. म्हणून त्याला विनियम 40 चा स्पष्ट उल्लेख असलेली लेखी नोटीस द्या आणि फर्नेसच्या व्यवहाराची कागदपत्रे मागा. तो गप्प बसला तर संहितेच्या कलम 60(5) खाली तुम्हीच अर्ज करू शकता.

फर्नेसची विक्री कलम 45 खाली कमी मूल्याचा व्यवहार म्हणून तपासता येते, आणि लिक्विडेटरने तो न्यायाधिकरणाला कळवला नाही तर कलम 47 धनकोलाही अर्जाचा हक्क देते. संबंधित व्यक्तींच्या (इथे संचालकाच्या भावाची फर्म) बाबतीत मागील दोन वर्षे पाहिली जातात. मात्र संहितेत ही मुदत दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे मोजली आहे, त्यामुळे ऐच्छिक समापनात ती कोठून धरायची यावर विरुद्ध बाजू हरकत घेईल, हे गृहीत धरा. धनकोंना फसवण्याचा हेतू सिद्ध झाल्यास कलम 49 ला ही कालमर्यादा नाही.

या सगळ्याआधी मात्र तुमचा दावा दाखल झाला पाहिजे. समापन सुरू झाल्यापासून दावे मागवण्याची मुदत तीस दिवसांची असते, आणि तुमचे बारा दिवस गेले आहेत. बिले, वजनकाट्याच्या पावत्या, खातेउतारा आणि बाकीच्या खातरजमेचे पत्र जोडून दावा ई-मेल आणि रजिस्टर पोस्ट, दोन्ही मार्गांनी पाठवा. तो नाकारला गेला, तर निर्णय मिळाल्यापासून चौदा दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागेल.