साडेदहाव्या महिन्यात चालला, १९व्या महिन्यात एकही शब्द नाही – ऑटिझम असू शकतो का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा साडेदहा महिन्यांचा असतानाच चालायला लागला, आता १९ महिन्यांचा आहे, अजून आई-बाबा पण म्हणत नाही, पाळणाघरातल्या मावशींनी ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका काढली आणि सासूबाई म्हणतात एवढ्या लवकर चाललेलं पोर हुशारच असणार, त्याचा बापसुद्धा चौथ्या वर्षी बोलला. लवकर चालला म्हणजे ऑटिझम नाही असं धरायचं का?

नाही, तसं धरू नका. आणि बोलत नाही म्हणजे ऑटिझमच, असंही धरू नका. चालण्याच्या वयावरून याचं उत्तर मिळतच नाही.

आमच्या घरी बरोब्बर उलटं होतं. माझी मुलगी चालली सतराव्या महिन्यात, पण बोलायला लागली वर्षाच्या आतच, दोन वर्षांची असताना टीव्हीवरच्या जाहिराती आणि रामरक्षेचे तुकडे सुरात म्हणायची, सगळा वाडा कौतुक करायचा. पण तहान लागली की पाणी मागायची नाही, "तुला पाणी हवंय का?" असं माझंच वाक्य माझ्याच सुरात म्हणायची, आणि आकाशात विमान गेलं तर ते बघ म्हणून मला कधी दाखवलं नाही. तिचं निदान व्हायला पाच वर्षं लागली कारण बोलणारं मूल ऑटिस्टिक असेल असं कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. आमच्या पालक गटात नवव्या महिन्यात धावत सुटलेला आणि पाचव्या वर्षी पहिला शब्द बोललेला मुलगाही आहे, सगळं अगदी वेळच्या वेळी झालेली मुलंही आहेत.

हे पहिल्यापासूनच असं आहे. ऑटिझमचं पहिलं वर्णन करणाऱ्या कॅनर या डॉक्टरने १९४३ साली ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं त्यातली ८ बोलत होती, ३ बोलत नव्हती. पुढच्या वर्षी व्हिएन्नात आस्पर्गर या डॉक्टरने अशाच मुलांबद्दल लिहिलं (नाझी काळातलं त्याचं वागणं हा वेगळा आणि फार वाईट विषय आहे), त्यातला फ्रिट्झ नावाचा मुलगा दहाव्या महिन्यात बोलला आणि चालला १४व्या महिन्यात. नंतर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन नियमावलीत १९९४ साली दोन वर्षांपर्यंत शब्द आणि तीनपर्यंत छोटी वाक्यं आली असतील तर 'आस्पर्गर' या नावाचं वेगळं निदान, नाहीतर ऑटिझम अशी वाटणी झाली होती, ती २०१३ मध्ये काढून टाकली आणि बोलायला उशीर ही निदानाची अटच राहिली नाही. चालणं तर त्या अटींत कधीच नव्हतं.

चालण्याबद्दल थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास केला होता, त्यात आपल्याकडची दिल्लीची मुलंही होती, तर निरोगी मुलं साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांत कधीही एकटी चालायला लागतात असं दिसलं, आणि काही तर कधी रांगलीच नाहीत. १८ महिन्यांनंतरही चालत नसेल तर मात्र दाखवायलाच हवं. ऑटिस्टिक मुलांत स्नायू सैल असणं, चवड्यांवर चालणं, तोल जाणं हे जरा जास्त दिसतं, पण तुमचा मुलगा छान चालतो म्हणजे ती एक काळजी नाही एवढाच त्याचा अर्थ घ्या.

आता खरं बघायचं ते हे, आणि यासाठी दोन-तीन दिवस शांतपणे नुसतं निरीक्षण करा. मागून नाव घेतलं की वळतो का? त्याला हवं ते बोटाने दाखवतो का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही नको असतानाही "ते बघ" म्हणून कुत्रा, बस, चंद्र दाखवतो का, दाखवून तुमच्या तोंडाकडे बघतो का? तुम्ही बोट दाखवलंत तर तिकडे बघतो की तुमच्या बोटाकडेच? डबा उघडून हवा असेल तर तुमच्याकडे बघून मागतो की नुसता तुमचा हात धरून डब्यावर नेऊन ठेवतो? टाटा करतो का, भातुकलीत खोटा खोटा चहा पितो का? बोलायला उशीर असलेलं पण हे सगळं करणारं मूल आणि बोलतही नाही आणि हेही करत नाही असं मूल, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते पहिला शब्द कधी आला यापेक्षा बोट कधी दाखवलं हे विचारायला हवं, पण ते आपल्याकडे कुणी विचारतच नाही.

अजून एक आठवून बघा, आधी चार-दोन शब्द होते आणि मग गेले असं झालंय का? साधारण पाव ते एक तृतीयांश ऑटिस्टिक मुलांत दीड-दोन वर्षांच्या आसपास आलेले शब्द जातात, तुमच्याकडचे वर्षाच्या वाढदिवसाचे व्हिडिओ काढून बघा, खूप कळतं. शब्द गेले असतील तर लगेच दाखवा, आणि हातांचा वापर किंवा चालणं मागे जातंय असं कधी वाटलं तर थेट मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, त्यात दिरंगाई नको.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांनी पाहिलंय तेच त्या सांगतायत, काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि नीट होतात. पण कोणतं मूल त्यातलं हे आज कुणालाच सांगता येत नाही, म्हणून थांबायचं नाही. वेखंड वगैरे चाटवू नका. जिभेखालचा पडदा कापा म्हणणारेही भेटतील, पण त्या पडद्याने फार तर उच्चारावर परिणाम होतो, नावाला न वळणं किंवा बोट न दाखवणं त्याने होत नाही. मोबाईलमुळे ऑटिझम झाला असंही ऐकवतील, ते मनाला लावून घेऊ नका, फक्त स्क्रीन बंद करा कारण या वयात त्याचा तो वेळ माणसांसोबत जायला हवा.

सगळ्यात आधी कानांची तपासणी, म्हणजे मुलाला ऐकू येतं का ते यंत्राने बघणारी बेरा टेस्ट. दार वाजलं की बघतो म्हणून ऐकू येतंच असं समजू नका, काही ठरावीक आवाज ऐकू येत नसतील तरी बोलणं अडतं. मग बालरोगतज्ज्ञांना एम-चॅट करायला सांगा, ऑटिझमची शंका घ्यावी का ते बघणारे, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीचे २० हो-नाही प्रश्न आहेत, त्यातून निदान होत नाही, पुढे तपासायचं का तेवढं कळतं. तुम्ही साताऱ्याकडच्या आहात तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का ते विचारा, सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ही केंद्रं काढलीत आणि तिथे पैसे लागत नाहीत. मुंबईला येणं जमत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था ऐकणं-बोलणं दोन्हीसाठी आहे, आणि मुलांच्या विकासासाठी 'उम्मीद' नावाचं केंद्र आहे. निदानाचा कागद हातात यायची वाट न बघता स्पीच थेरपी सुरू करता येते, हे नक्की विचारा.

पुढे बोलेल का, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत पण तो मनात असणारच. अमेरिकेत चौथ्या वर्षीही वाक्यं न बोलणाऱ्या ५३५ ऑटिस्टिक मुलांची माहिती तपासून २०१३ साली छापली होती, त्यातली ७० टक्के आठव्या वर्षापर्यंत किंवा त्यानंतर निदान छोटी वाक्यं बोलायला लागली होती आणि ४७ टक्के अस्खलित बोलत होती. उरलेली सगळी बोलतातच असं नाही, पण चित्रांनी, चेन्नईत बनलेल्या 'आवाज' (Avaz) नावाच्या ॲपसारख्या साधनांनी ती आपलं म्हणणं सांगतात, आणि चित्रं दिली तर मूल बोलायचं थांबतं ही भीती खोटी आहे, लवकर द्या.

आणि घरात मराठीच बोला. "एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला" असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि आजीला ज्या भाषेत त्याच्याशी खेळता येतं ती भाषा काढून घेतली तर त्याच्याशी बोलणारं एक माणूस कमी होतं. अपॉइंटमेंटच्या आधी तो घरात खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर काय करतो याचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घेऊन ठेवा, दवाखान्यात मुलं नेहमीसारखी वागतच नाहीत. बेराचा रिपोर्ट आला की इथेच लिहा, पुढचं बघू.