नळी, खरकटं आणि न्हावाशेवा : आयात मांसाबद्दल वाचकांचे प्रश्न

मांस देशाबाहेरून आणायला किंवा बाहेर न्यायला एवढे कागद आणि एवढ्या तपासण्या कशाला, हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांनी आपापल्या परीने विचारला आहे. पशुवैद्य म्हणून माझी बरीच वर्षं गोठ्यांत आणि कत्तलखान्यांत गेली. त्या अनुभवावरून उत्तरं देतो.

मुलगी लंडनला असते. जाताना घरचं सुकं मटण, खवा आणि सुके बोंबील न्यायचे आहेत. मटण चांगलं शिजवून, तेलात परतून घेतलं तरी अडवतील का? (कोपरी, ठाणे)

ताई, मटण आणि खवा घरी ठेवा, बोंबील खुशाल न्या. भारतातून ब्रिटनमध्ये जाणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मासे मात्र स्वतःच्या खाण्यापुरते, २० किलोपर्यंत चालतात. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि डुकरं यांना होणारा लाळ्या-खुरकूत आपल्याकडे आहे. तो मांसातून आणि दुधातून जाऊ शकतो, बोंबलातून जात नाही.

तुमचं मटण तासभर शिजलंय हे तुम्हाला ठाऊक आहे, पण विमानतळावरच्या माणसाला डब्यावरून ते कसं कळावं? म्हणून तिथे सरसकट मनाई असते. यात आपल्याला कमी लेखण्याचा भाग नाही. २०२५च्या जानेवारीत जर्मनीत बर्लिनजवळ म्हशींच्या एका कळपात लाळ्या-खुरकूत निघाला. त्या देशात १९८८ नंतर तो पहिल्यांदाच दिसला. पुढे हंगेरी आणि स्लोव्हाकियातही सापडल्यावर, एप्रिलपासून ब्रिटनने युरोपातल्या शेजाऱ्यांनाही मांस आणि चीज सोबत आणायला बंदी केली.

बोंबील मात्र घट्ट पॅक करा, बाकीच्या कपड्यांना वास लागेल.

खारघरच्या एका मोठ्या दुकानात न्यूझीलंडचं गोठवलेलं लॅम्ब मिळतं. त्यातून मुलांना काही रोग होणार नाही ना?

नाही. उलट हे नियम मुळात तुमच्या मुलांसाठी केलेलेच नाहीत, हे आधी समजून घ्या. खाणाऱ्याच्या पोटाची काळजी अन्नसुरक्षा कायदा घेतो. त्यासाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची तपासणी वेगळी असते. जनावरांच्या रोगासाठीचा कायदा आहे १८९८चा, म्हणजे पशुधन आयात कायदा. तो मुरबाडच्या शेळीसाठी आणि भिवंडीच्या तबेल्यातल्या म्हशीसाठी आहे. लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावराचं मांस खाऊन माणूस आजारी पडत नाही. पण त्याच मांसाचं हाड कुठल्या जनावराच्या तोंडी गेलं, तर गावच्या गावं आजारी पडू शकतात.

न्यूझीलंडमध्ये लाळ्या-खुरकूत आजवर कधीच आलेला नाही. तेव्हा निर्धास्त राहा. पाकीट कडक गोठलेलं आहे ना आणि त्यावर आयातदाराचं नाव व परवाना क्रमांक आहे ना, एवढं पाहून घ्या.

मी उरणला क्लिअरिंगच्या कामात नवीन आहे. मांसाचा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर आला की बाकीच्या मालापेक्षा वेगळं काय होतं?

मांसाचं खरं काम जहाज निघण्याच्या आधीच झालेलं असावं लागतं. आयातदाराने केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाकडून सॅनिटरी इम्पोर्ट परमिट काढलेलं असतं. कोणत्या देशातून काय येणार आणि कोणत्या अटींवर येणार, हे त्यात असतं. सोबत निर्यातदार देशाच्या सरकारी पशुवैद्याचा दाखला लागतो. जनावर कुठल्या भागातलं होतं, तिथे कोणता रोग नव्हता, कापण्याआधी आणि कापल्यानंतर ते तपासलं का, हे सगळं त्या दाखल्यात यायला हवं. इथे न्हावाशेवा बंदरात पशु विलगीकरण केंद्राचे अधिकारी दाखला आणि परमिट ओळीला ओळ लावून वाचतात आणि माल पाहतात. अटीत बसला नाही, तर तो परत जातो किंवा नष्ट होतो. गोमांस आणि गोमांस असलेले पदार्थ आणायला तर मुळातच बंदी आहे.

नव्या माणसाला एक सांगतो. दाखल्यातलं एखादं वाक्य परमिटच्या वाक्याशी जुळत नसेल, तर ‘चालून जाईल’ म्हणू नका. त्या एका वाक्यामागे कुणाचा तरी गोठा असतो.

आपल्या म्हशीचं मांस परदेशात जातं म्हणतात, पण मोठे श्रीमंत देश घेत नाहीत. आमची जनावरं काय घाण आहेत? (मुरबाड)

दादा, राग समजू शकतो. पण त्यांना भीती आहे ती हाडाची आणि मांसातल्या गाठींची, म्हणजे लसिका ग्रंथींची. जनावर कापल्यावर स्नायूंमध्ये आम्ल तयार होतं. मांस दोन अंश सेल्सिअसच्या वर निदान २४ तास टांगून ठेवलं आणि त्याचा सामू (पीएच) ६च्या खाली उतरला, की त्यातला लाळ्या-खुरकूतचा विषाणू टिकत नाही. पण हे आम्ल नळीतल्या मज्जेत आणि गाठींत पोचत नाही. आपण चोखून खातो ती नळी म्हणजे या विषाणूची तिजोरी. थंडीत तो तिथे कितीतरी दिवस शाबूत राहतो. म्हणून आपल्याकडून म्हशीचं मांस हाड काढूनच बाहेर पाठवावं लागतं, आणि गाठीही आधी काढतात. एवढं केलं की व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त असे देश ते घेतात.

रोगच नाहीसा झाला तर बाजार आणखी मोठा होईल. ते अशक्य नाही, आपण एकदा करून दाखवलं आहे. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली आणि त्यांच्यापासून तिथे बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा रोग पसरला. त्या धक्क्यातूनच १९२४ मध्ये पॅरिसला जागतिक पशुआरोग्य संघटना उभी राहिली. ही भारतातली बुळकांडी आपल्याच पशुवैद्यांनी आणि शेतकऱ्यांनी लस टोचून टोचून संपवली. २०११ मध्ये ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. आज तरुण पशुवैद्यांना ती फक्त पुस्तकात भेटते, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे.

लाळ्या-खुरकूतसाठी २०१९ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालू आहे. लस फुकट आहे, कानाला बिल्ला लागतो. ‘टोचलं की दूध कमी होतं’ म्हणून म्हैस मागच्या दाराने बाहेर काढणारे लोक मी पाहिले आहेत. दूध एक-दोन दिवस थोडं उतरलं तरी पुन्हा येतं. रोग झालेली म्हैस मात्र पुष्कळदा पूर्वीसारखी दूध देतच नाही.

अमेरिकेत कुठेतरी बर्ड फ्लू झाला, तर तिथली कोंबडी सरसकट बंद का करत नाही? (वाशी)

आपण तसंच करत होतो. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार घेऊन गेली आणि २०१५ मध्ये अंतिम निकाल आपल्या विरुद्ध लागला. रोग ज्या भागात आहे तेवढाच भाग बंद करा, अख्खा देश नको, असं त्याचं सार. मला तो निकाल योग्य वाटतो. २०२२च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा एक किलोमीटरच्या परिसरातल्या कोंबड्या नष्ट केल्या. त्यावरून कुणी सगळ्या महाराष्ट्राची अंडी नाकारली असती, तर आपल्याला पटलं असतं का?

घणसोलीत माझं छोटं हॉटेल आहे. रोजचं खरकटं एक डुक्करवाला बादल्या भरून नेतो. त्याचं पोट चालतं, माझा कचरा उचलला जातो. यात काही चूक आहे का?

हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बंदरावरचं दार कितीही घट्ट लावलं, तरी रोग शेवटी शिरतो तो याच बादलीतून.

२००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूतचा मोठा उद्रेक झाला. तो जिथून सुरू झाला असं मानतात, त्या डुक्करपालन केंद्रात खरकटं नीट न उकळता घातलं जात होतं. आणि त्यात बेकायदा आलेलं मांस असावं, असा निष्कर्ष निघाला. त्या वर्षी ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. २००७ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग जॉर्जिया या देशात पोचला. तिथल्या पोती नावाच्या बंदरात आलेल्या जहाजांवरचं खरकटं डुकरांनी खाल्लं, हे त्याचं कारण मानलं जातं. तिथून तो युरोपात गेला. त्याच जातीचा विषाणू २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आपल्या आसाम-अरुणाचलात निघाला. हा रोग माणसाला होत नाही, पण डुक्कर बहुधा वाचत नाही, आणि त्यावर औषध नाही. खारवलेल्या, सुकवलेल्या डुकराच्या मांसात हा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो. कुणी बँकॉकहून सॉसेज आणलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं ताटात टाकलं, तर ते कुठे जातं याचा विचार करा. (परदेशातून येताना सामानात मांस असेल, तर कस्टम्सच्या फॉर्मवर ते लिहावं लागतं, हेही इथेच सांगतो.)

तेव्हा दोन बादल्या ठेवा. एकीत भाज्यांची देठं आणि साली. त्या मांसाला न लागलेल्या असल्या तर डुक्करवाल्याला द्या. ताटातलं खरकटं, हाडं आणि मांसाचे तुकडे दुसरीत टाका आणि ती पालिकेच्या ओल्या कचऱ्यात जाऊ द्या. उकळून देऊ का, असं विचाराल, तर ९० अंशांवर सतत ढवळत पूर्ण एक तास उकळावं लागतं. रोज रात्री बारानंतर तुमच्या स्वयंपाकघरात ते कुणी करणार नाही, म्हणून तो रस्ता धरू नका.

आणि त्या डुक्करवाल्याला हाकलून लावू नका. त्याच्याशी बसून बोला. त्याची दोन-तीन डुकरं एकदम मेली तर त्याने ती खाडीत टाकू नयेत, विकूही नयेत. १९६२ या टोल-फ्री नंबरवर फोन करावा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावं. हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल. तुम्ही रोज भेटता, तुमचं तो ऐकेल.