आधी उंची मोजली का?

दर बुधवारी दुपारी एक ते चार मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मुलांना सल्ला द्यायला बसते. लायब्ररीच्या मागची खोली, एक टेबल, तीन खुर्च्या. शेवटच्या वर्षाची मुलं यायला लागतात ती फेब्रुवारीत, तुरीचं काम आटोपत आलं की. तोवर निम्मी पोरं शेतातच असतात. प्रश्न प्रत्येकाच्या तोंडून वेगळा येतो, पण आत असतो तो एकच. पदवी हातात येतेय, आता स्पर्धा परीक्षेची तयारी करू का? किती वर्षं करू? आणि नाहीच झालं तर?

या प्रश्नाला पूर्वी मी जे उत्तर द्यायचे, ते आता देत नाही. 'जिद्द सोडू नकोस' असं मी सांगायचे. असं सांगून पाठवलेला एक मुलगा 31 वर्षांचा होऊन परत आला. तो रागावलेला नव्हता. म्हणाला, "तुम्ही म्हटलं होतं मॅडम, सोडू नको म्हणून. मी नाही सोडलं." त्यानंतर किती तरी रात्री ते वाक्य माझ्या कानात होतं. तेव्हापासून मी धीर देण्याआधी वही उघडायला लावते.

प्रवीण (नाव बदललं आहे) आला तेव्हा त्याच्याकडे वही होतीच. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, केमिस्ट्री. बापाची पाच एकर कोरडवाहू शेती, लहान बहीण नववीत. वहीच्या पहिल्या पानावर त्यानं परीक्षांची यादी केली होती: राज्यसेवा, कम्बाइन (गट ब आणि गट क पदांची संयुक्त परीक्षा), तलाठी, पोलीस, रेल्वे, बँक, ग्रामसेवक आणि तळाशी बारीक अक्षरात वनरक्षक.

"सगळ्याची तयारी चालू आहे मॅडम. पण मले समजूनच नाही राहिलं, मी कुठं चाललो ते."

मग जरा थांबून त्यानं खरं कारण सांगितलं. त्याचा मोठा चुलतभाऊ पाच वर्षं पुण्यात खोली करून राहिला, दर महिन्याला घरून पैसे गेले, आणि 29 व्या वर्षी तो बॅग घेऊन परत आला. आता कुणाच्या लग्नाला जात नाही, गावात दिवसा बाहेर पडत नाही. "माहं तसं तर नाही होणार ना?"

याचं उत्तर 'नाही होणार' असं देणं सोपं होतं. मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. 2023 ची तलाठी भरती: 4,644 जागा, दहा लाखांवर अर्ज. 2024 ची पोलीस भरती: 17,471 जागा, सतरा लाखांवर अर्ज. हे आकडे घाबरवण्यासाठी मी लिहीत नाही. पण पोलिसात एका जागेमागे शंभर अर्ज आणि तलाठ्याला दोनशेच्या वर, याचा अर्थ असा की नीट अभ्यास केलेली, हुशार मुलंसुद्धा मोठ्या संख्येनं बाहेर राहतात, आणि त्यात त्यांचा गुन्हा नसतो. हे मुलांना कुणीतरी आधीच सांगायला हवं. चौकातल्या फ्लेक्सवर निवड झालेल्याचाच फोटो असतो.

"यातल्या कशासाठी सगळ्यात जास्त मेहनत केलीस?"

"पोलीस. रोज पहाटे पाचला पळतो. चौदा महिने झाले."

"उंची किती?"

"असन की एकशे पासष्ट."

"मोजली?"

तो गप्प. मी त्याला खेळाच्या सरांकडे घेऊन गेले. भिंतीला उंची मोजायची पट्टी आहे. चपला काढून, टाचा भिंतीला लावून उभा राहिला. 163 आणि वर अर्धा. सरांनी पुन्हा मोजली, तेवढीच. "सकाळी जास्त भरते म्हणतात," प्रवीण म्हणाला, आणि ते खरंही आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी परत मोजली. 164 ला दोन रेषा कमी. पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांची किमान उंची 165 सेंटीमीटर लागते.

चौदा महिन्यांत त्याला अकॅडमीत, मैदानावर, मित्रांत कुणी हे विचारलं नव्हतं. त्यानंही जाहिरात मुळातून वाचली नव्हती. ग्रुपवर आलेला जागांचा आकडा तेवढा वाचला होता. हे मी याच्यात एकट्यात पाहिलेलं नाही. वयाची अट, नॉन क्रिमीलेअरची तारीख, बारावीला कोणते विषय हवेत, अशा गोष्टी फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री कळलेली मुलं दरवर्षी येतात. म्हणून माझा पहिला गृहपाठ हाच असतो: मागच्या भरतीची मूळ जाहिरात शोधायची आणि पात्रतेचं पान स्वतःच्या कागदपत्रांशेजारी ठेवून, ओळीवर बोट ठेवून वाचायचं.

प्रवीणनं ती वाचली तेव्हा तळाशी लिहिलेला वनरक्षक वर आला. तिथे पुरुषांना 163 सेंटीमीटर चालते, बारावीला विज्ञान असलेलं चालतं. पोलिसाला 1,600 मीटर पळायचं असतं, इथे 5 किलोमीटर. म्हणजे पहाटेचं पळणं वाया गेलं नाही, फक्त अंतर बदललं. राज्यसेवेवर मात्र मी त्याच्याशी स्पष्ट बोलले. 2025 पासून तिची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, लेखी 1,750 गुण आणि मुलाखत 275. ती लिहिण्याची परीक्षा आहे. बाकीच्या मुख्यतः पर्याय निवडायच्या. दोन्ही एकाच वेळी, एकाच डोक्यानं होत नाहीत. प्रवीणनं त्या पानावर राज्यसेवेवर रेघ मारली. मारताना त्याचा हात थांबला होता, हेही मी पाहिलं.

दुसऱ्या बुधवारी मी त्याला तलाठी भरतीचा जुना पेपर घड्याळ लावून सोडवायला बसवलं. 100 प्रश्न, 2 तास. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित-बुद्धिमत्ता, प्रत्येकी 25 प्रश्न. एवढ्या दिवसांत त्यानं पूर्ण पेपर वेळ लावून एकदाही सोडवला नव्हता. मराठीत 17 बरोबर, सामान्य ज्ञानात 13, गणित-बुद्धिमत्तेत 6, इंग्रजीत 4. एकूण 40.

त्यानं पेपर उलटा करून ठेवला.

मी त्याला आठवडाभर एक काम दिलं होतं. अभ्यासिकेत बसल्यावर दर तासाला, खरंच काय केलं ते दोन शब्दांत लिहायचं. महिन्याला पाचशे रुपयांची ती टिनाच्या छताची अभ्यासिका, सकाळी आठला उघडते. वहीत रोजच्या बारा तासांतले सव्वाचार तास अभ्यासाचे निघाले. बाकी चहा, मोबाइलवरच्या पीडीएफ गोळा करणं, 'जागा कधी निघतात' यावरची चर्चा. मी त्याला बोलले नाही. ती चर्चा म्हणजे पोरांचा एकमेकांना असलेला आधार असतो, ते मला कळतं. पण सव्वाचारांतले तीन तास सामान्य ज्ञानाचे होते, आणि गणिताला आठवड्यात मिळून पन्नास मिनिटं. जे वाचायला बरं वाटतं तेच तो वाचत होता. जिथे गुण सांडत होते तिथे जातच नव्हता.

"गणिताचे सर दहावीत बदलून गेले होते मॅडम. वर्षभर कोणीच नव्हतं."

सहावी ते नववीतलं गणित, टक्केवारी, सरासरी, काळ-काम-वेग, यावरच हे प्रश्न असतात. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात, पण त्याच्या घरात नववीचं पुस्तक होतंच, बहिणीचं. ती संध्याकाळी स्वतःचा गृहपाठ करायची तेव्हा हा शेजारी बसू लागला. पहिले काही दिवस त्याला तिच्यासमोर चुकायची लाज वाटली. तिला मात्र भारी आवडलं असावं. तिनं त्याच्या वहीवर लाल पेनानं बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

गणितात सुधारणा होईल, इंग्रजीतही होईल. तरी किती वर्षं, हा प्रश्न उरतोच. तो मी मुलाशी एकट्याशी सोडवत नाही, कारण ती वर्षं घरातून येतात. बुधवार इथला बाजाराचा दिवस, त्यामुळे वडिलांना बोलावणं जमलं. थैली मांडीवर धरून खुर्चीच्या कडेवर बसले.

"पोरगा अभ्यास करून राहिला, एवढं मले दिसते मॅडम. कायचा करून राहिला, ते नाही समजत. इचारलं त चिडते."

मी त्यांना शेतीचंच विचारलं. पाऊस लांबला की काय करता, भाऊ?

"मिरगात पाणी आलं त पेरतो. नाही निंघालं त दुबार पेरतो. पण जुलै अर्धा गेला का पराटी (कापूस) नाही लावत मंग. तूर टाकतो."

"ते कधी ठरवता? जुलैत?"

"नाही. बियाणं आणतो तवाच ठरलेलं असते. जुलैत ठरवाले गेलो त माणूस म्हणते, अजून आठ दिवस पाहू."

मी प्रवीणकडे पाहिलं. तो बापाकडे पाहत होता. एवढ्या दिवसांत त्या दोघांचं या विषयावर झालेलं ते पहिलं बोलणं असावं.

मग आम्ही तिघांनी एक तारीख लिहिली. मी 'दोन प्रयत्न' असं लिहू दिलं नाही, कारण प्रयत्न आपल्या हातात नसतात. तलाठी भरती 2019 नंतर थेट 2023 ला निघाली. प्रयत्न मोजत बसलं तर दोन प्रयत्नांची चार-पाच वर्षं होतात. प्रवीण तेव्हा 21 चा होता. 24 पूर्ण होतील तो दिवस लिहिला. तोवर यादीत नाव नसेल तर पूर्णवेळ तयारी बंद. पुढे फॉर्म भरायचा तर नोकरी करताना भरावा.

आणि पदवीचा निकाल लागल्याबरोबर कमवायचं, रिकामं बसून तयारी नाही. यावर तो बराच वेळ अडला. "काम केलं त अभ्यास कधी होईन?" मी सव्वाचार तासांचं पान उघडून ठेवलं. पदवीधरांना अप्रेंटिसशिप असते, 1961 च्या कायद्याखाली, दरमहा विद्यावेतनासह. आमच्या भागात सोयाबीनच्या तेलाचे कारखाने आहेत, त्यांच्या लॅबला केमिस्ट्रीची मुलं लागतात. लॅबचं नाव काढताच प्रवीण पहिल्यांदा न विचारता बोलला. बापाचं सोयाबीन मार्केटात ओलावा जास्त म्हणून पाडून मागितलं होतं, मीटरवर 14 दाखवलं, आणि हमीभावाला मर्यादा 12 टक्क्यांची. "ते मीटर बरोबर होतं का, हे आम्हाला तिथं कसं समजणार?" त्याचा आवाज चढला होता. त्याच्या केमिस्ट्रीचा मी ऐकलेला हा पहिला प्रश्न.

मुलींच्या बाबतीत ही तारीख लिहिणं जास्त अवघड जातं, ते इथे सांगितलंच पाहिजे. त्यांना घरून 'एक वर्ष पाहू' असं मिळतं आणि मध्येच स्थळ येतं. अशा वेळी मी आईला बोलावते, बापाच्या आधी. तारीख कागदावर असली, त्यावर घरच्या दोघांच्या सह्या असल्या, तर पाहुणे आल्यावर मुलीला दाखवायला काहीतरी असतं. दर वेळी टिकतं असं नाही. काही घरांत टिकलं आहे.

प्रवीण सध्या एका तेल कारखान्याच्या लॅबमध्ये अप्रेंटिस आहे. सकाळची पाळी, दुपारी तीननंतर अभ्यास. मागच्या महिन्यात सोडवलेल्या पेपरात त्याला 61 बरोबर आले, त्यातले गणित-बुद्धिमत्तेचे 15. वनरक्षकाला ते पुरेल की नाही, हे जाहिरात निघेल तेव्हा कळेल. तारखेचा कागद त्यानं बहिणीच्या नववीच्या पुस्तकात ठेवला आहे.

तो पेपर दाखवायला आला त्या दिवशी बाहेर गाडीवर कुणीतरी बसून होतं. तोंडाला रुमाल बांधलेला. मी विचारलं, तर प्रवीण हळूच म्हणाला, "दादा आहे. मले सोडाले आला. आत नाही येत तो."

मी बाहेर गेले. "ऊन आहे, आत बसा," एवढंच म्हटलं. तो आत आला, तिसऱ्या खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या बुधवारी दुपारी एकला, मी कुलूप उघडायच्या आधी, तो एकटाच दाराशी उभा होता. हातात प्लॅस्टिकची फाइल होती, मार्कशीटची.