काकूंना विचारा : पक्षाचा रकाना रिकामा ठेवू का?

प्रिय काकू,
गेल्या महिन्यात ओथ झाली आणि बारा वर्षांनी मी एकदाची सिटिझन झाले. हॉलमधून बाहेर पडताना एका बाईंनी हातात मतदार नोंदणीचा फॉर्म ठेवला. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं भरलं आणि पक्षाच्या रकान्यापाशी पेन अडलं. तेव्हापासून फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकतोय. नवरा म्हणतो, टाक कुठलाही, काय फरक पडतो. सासरे डोंबिवलीहून आलेत. ते म्हणतात, सरकारी कागदावर पक्षाचं नाव लिहून द्यायचं नसतं, उद्या सरकार बदललं की पंचाईत. माझे वडील सरकारी नोकरीत होते, त्यांनी जन्मात कुणाचा झेंडा हातात धरला नाही. शिवाय सिटिझनशिपच्या अर्जात याच लोकांनी मला ‘कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होता का’ असं विचारलं होतं. आता तेच म्हणतात, पक्ष सांगा! मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बारा-बारा तासांच्या शिफ्ट करते. पुढेमागे नवऱ्याच्या नोकरीपायी न्यूयॉर्कला जावं लागेल. दोन्ही पक्षांचं थोडं पटतं, बरंचसं पटत नाही. काय लिहू? नाव छापू नका.
– फ्रिजवरचा फॉर्म, मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी

अगं, आधी अभिनंदन. आणि सासऱ्यांवर चिडू नकोस, ते बोलतायत ते तिकडच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. आपल्याकडे पक्षात जाणं म्हणजे पावती फाडणं. १९२०च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने सभासदाची वर्गणी चार आणे केली, तेव्हापासून ‘चार आण्याचा सभासद’ हा शब्दच रूढ झाला. आमच्या मिरजेच्या घरी आजोबांची तशी एक पावती देवघराच्या खणात कुंकवाच्या करंड्याखाली होती. कुणी काँग्रेसला नावं ठेवली की आजोबा खण उघडायचे. तुझ्या वडिलांना तर नोकरीचे नियमच आड येत होते. सरकारी नोकराने पक्षाचं सभासद व्हायचं नाही, हे महाराष्ट्रात लेखी आहे. अशा घरातल्या मुलीचं पेन त्या रकान्यापाशी अडलं नसतं तरच नवल.

पण इथला रकाना ती पावती नाही. वर्गणी नाही, सभासद कार्ड नाही, मोर्चाला जायचं बंधन नाही. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मत कुणाला द्यायचं याच्याशी तर त्याचा काडीचा संबंध नाही. तू फॉर्मवर डेमोक्रॅटिक लिही आणि नोव्हेंबरमध्ये सगळी मतं रिपब्लिकनांना दे, किंवा उलट कर, कुणी विचारणार नाही आणि कुणाला कळणारही नाही. सिटिझनशिपच्या अर्जातला ‘सभासद’ खऱ्याखुऱ्या सभासदत्वाबद्दल होता. तो प्रश्न आणि हा रकाना एका माळेत ओवू नकोस.

मग हा रकाना आहे तरी कशाला? तुला एबी फॉर्म माहीत असेल, पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद. महाराष्ट्रात तो कुणाला मिळणार हे श्रेष्ठी ठरवतात आणि उमेदवार अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारपर्यंत फोन कानाला लावून उभा असतो. इथे एबी फॉर्म कुणाला द्यायचा यावरच मतदान होतं. त्याचं नाव प्रायमरी. आपल्या राज्यात ती जूनमध्ये असते. त्या दिवशी दोन रांगा असतात, एकेका पक्षाची एकेक, आणि तुला एकाच रांगेत उभं राहता येतं. रकाना एवढंच विचारतो की जूनमध्ये तू कुठल्या रांगेत. तुझं मन कुठे, तुझा धर्म काय, तुझी निष्ठा कुणाशी, यातलं काही नाही.

(इथे श्रेष्ठी नाहीत असं समजू नकोस हं. वर्षानुवर्षं न्यू जर्सीतल्या बहुतेक काउंट्यांमध्ये पक्षाच्या पुढाऱ्यांच्या लाडक्या उमेदवारांची नावं मतपत्रिकेवर एका ओळीत, मानाच्या जागी छापली जायची आणि बाकीचे बिचारे कुठेतरी कोपऱ्यात. तेव्हा सिनेटच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या अँडी किम यांनी कोर्टात जाऊन मार्च २०२४मध्ये ती पद्धत डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती थांबवून घेतली आणि पुढच्या वर्षी कायदाच बदलला. मी जवळून बघितलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट.)

जवळून म्हणते कारण मी गेली बरीच वर्षं बोर्ड वर्कर आहे, म्हणजे मतदान केंद्रावर टेबलाशी बसणारी बाई. दाराशी सहाला लोक येतात, आम्ही त्याच्या आधी पोचतो, रात्री आठला दार बंद. २०२५च्या जूनमध्ये माझ्या टेबलाशी आपलेच एक गृहस्थ आले, साठीचे, सकाळचा फेरफटका संपवून बुटासकट थेट. स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे पक्ष नव्हता. विचारलं, कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ? ते हळूच मराठीत म्हणाले, “वहिनी, दोन्हीकडचं एकेक दिलंत तर?” जेवणावळीत दोन्ही भाज्या वाढा म्हणावं तसं. म्हटलं, भाऊ, एकच. मग त्यांनी मला विचारलं, कुठली घेऊ? आता त्या टेबलाशी बसल्यावर मी सख्ख्या भावालाही सांगू शकत नाही. शेजारी दुसऱ्या पक्षाची बाई बसलेली असते, मुद्दाम तशी जोडी बसवतात. मागे रांग वाढली. शेवटी त्यांनी डोळे मिटले, अगदी खरंच मिटले, आणि एक नाव घेतलं. सही केली, मत दिलं. त्या सहीसरशी ते त्या पक्षाचे म्हणून नोंदले गेले आणि पुन्हा कागद भरून बदलेपर्यंत तसेच राहणार. हे त्यांच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

माझ्याही आलं नव्हतं. २००५ साली आमच्या गल्लीतला एक भला माणूस टाउनशिपच्या निवडणुकीला उभा होता. बर्फ पडलं की आमचाही ड्राइव्हवे साफ करून द्यायचा. त्याच्यासाठी मी जूनमध्ये जाऊन त्याच्या पक्षाच्या रांगेत मत दिलं आणि विसरून गेले. फेब्रुवारी २००८ला ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची प्रायमरी आली. घरात, ऑफिसात, मंडळाच्या हळदीकुंकवात दुसरा विषय नव्हता. मी ठेवणीतली शाल घेऊन शाळेच्या जिममध्ये गेले. टेबलाशी बसलेल्या बाईंनी वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, तुम्ही रिपब्लिकन आहात. मी म्हटलं, छे! त्या म्हणाल्या, इथे तसं आहे. पक्ष बदलायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. पलीकडच्या रांगेत माझा नवरा दिमाखात उभा. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही, जसं काही त्यानेच केलं होतं. त्या रागातूनच पुढे मी बोर्ड वर्कर झाले.

तेव्हा मुदत लक्षात ठेव. न्यू जर्सीत एकदा पक्ष नोंदला की तो बदलायला प्रायमरीच्या ५५ दिवस आधी कागद जावा लागतो. १० जून २०२५च्या प्रायमरीसाठी ती तारीख १६ एप्रिल होती. लोकांना निवडणूक आठवते मे महिन्यात. ज्यांचा रकाना रिकामा आहे त्यांना मात्र ही अडचण नाही, ते त्या गृहस्थांसारखे त्याच दिवशी ठरवू शकतात. फक्त नोंदणी प्रायमरीच्या २१ दिवस आधी झालेली हवी.

मग रिकामाच का नको? बहुतेकांना मी तेच सांगते. तुला नाही सांगणार, तुझ्या त्या बारा तासांच्या शिफ्टमुळे. तू टपालानेच मत देणार, हे तुझं पत्र वाचूनच मला कळलं. आणि पक्ष नसलेल्यांना जूनची मतपत्रिका आपोआप घरी येत नाही, आधी पक्ष सांगावा लागतो. तो कागद तू भरशील? जो फॉर्म महिनाभर फ्रिजवर लटकलाय त्याची बहीण?

राहिला प्रश्न कुठला. काउंटी क्लर्कच्या साइटवर तुझ्या टाउनशिपचे मागच्या चार-पाच नोव्हेंबरचे निकाल काढ. एकच पक्ष दरवेळी भरपूर फरकाने जिंकत असेल, तर तुमचा मेयर आणि काउन्सिल खरं तर जूनमध्येच ठरतात, नोव्हेंबर ही नुसती अक्षता टाकायची वेळ. आपले बेळगावकडचे श्री ठाणेदार बघ. २०२२मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीला नऊ जण होते, ठाणेदारांना तीस टक्केही मतं नव्हती, पण पहिला नंबर होता. त्या भागात तो पक्ष हरणं जवळजवळ अशक्य, तेव्हा ऑगस्टच्या त्या मंगळवारीच ते काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, गेल्यात जमा होते. २०२५ला आपल्याकडे गव्हर्नरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सहा उमेदवार होते. मिकी शेरिल एक तृतीयांशाच्या आसपास मतांवर निवडून आल्या आणि पुढे गव्हर्नरही झाल्या. दोन्ही पक्षांचं थोडं-थोडं पटणाऱ्या माणसाने, जिथे खरा निवाडा होतो त्या रांगेत उभं राहावं असं माझं मत. त्यातला त्यातल्या त्यात बरा माणूस पुढे जायला तुझं मत तिथेच कामी येतं. याला काही जण लबाडी म्हणतात. मी हिशेब म्हणते. पण त्या पक्षाचं नाव लिहिताना पोटात ढवळत असेल तर नको लिहू, त्यासाठी रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही.

सासऱ्यांची एक शंका मात्र खरी आहे. मत गुप्त असतं, पण तुझा पक्ष आणि तू कुठल्या निवडणुकीला मत दिलंस, ही नोंद गुप्त नसते. प्रचारवाले त्या याद्या घेतात. म्हणजे सरकार छळेल असं नाही, पण टपालपेटी छळेल. आमच्या घरी मी एका पक्षात, नवरा दुसऱ्यात (कुठला कोण ते सांगणार नाही, एवढी वर्षं टेबलाशी बसून सवयच गेलीय). ऑक्टोबरात दोन्हीकडचे गुळगुळीत, जाड मेलर येतात, एकात जो देव तो दुसऱ्यात राक्षस. लसूण सोलायला त्याच्याइतका चांगला कागद नाही, सालं चिकटत नाहीत.

‘इंडिपेंडंट’ हा शब्द फॉर्मवर स्वतःहून लिहू नकोस, पक्ष नको असेल तर नको असल्याचीच खूण कर. कॅलिफोर्नियात अमेरिकन इंडिपेंडंट नावाचा एक खराखुरा पक्ष आहे, १९६८ला जॉर्ज वॉलेस यांना उभं करणारा, वंशभेदाच्या बाजूचा. २०१६मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने चौकशी केली तर त्यातल्या बहुतेकांना आपण त्या पक्षात आहोत हेच माहीत नव्हतं. त्यांना ‘कुठलाच नाही’ म्हणायचं होतं. ग्रीन किंवा लिबर्टेरियन लिहिलंस तर बेशक लिही, पण आपल्याकडे जूनमध्ये त्यांची रांगच नसते.

आणि न्यूयॉर्कला गेलात तर तिथे गेल्या गेल्या नव्याने नोंदणी कर आणि रकाना भरच. तिथे रिकाम्या रकान्याला प्रायमरीत मत नाही, दारात येऊन ठरवायची सोयही नाही. पक्ष बदलायचा तर १४ फेब्रुवारीच्या आत. पूर्वी मुदत याहून कडक होती. २०१६च्या एप्रिलमध्ये ट्रम्प यांची मुलगी इव्हांका आणि मुलगा एरिक यांना न्यूयॉर्कच्या प्रायमरीत स्वतःच्या बापाला मत देता आलं नाही, पक्ष नोंदवायची तारीख आदल्या ऑक्टोबरातच गेली होती. मला हे कळलं त्या दिवशी २००८चं दुःख बरंच हलकं झालं.

काकू, आम्ही नुकतेच डॅलसजवळ राहायला आलो. नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा रकानाच सापडत नाही. जुना फॉर्म दिला का?
– एक टेक्ससकर

फॉर्म बरोबर आहे. टेक्ससमध्ये पक्षाची नोंदणी होतच नाही. मार्चच्या प्रायमरीला जाल तेव्हा कुठला पक्ष ते सांगायचं, ते त्या वर्षापुरतं. फक्त मार्चमध्ये ज्या पक्षात मत दिलं त्याचीच मे महिन्यातली फेरनिवडणूक तुम्हाला खुली, मधेच उडी मारता येत नाही.

काकू, आईला ग्रीन कार्ड मिळालंय. लायसन्स काढताना काउंटरवरच्या माणसाने मतदार नोंदणी करायची का विचारलं, आईने हसून मान डोलावली. कुठला पक्ष लिहायचा हे तिने मला गाडीत विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. काही होईल का?
– घाबरलेला मुलगा, पार्सिपनी

आता पक्षाचं राहू दे. ग्रीन कार्डवर मतदार नोंदणी चालत नाही. मी सिटिझन आहे असं खोटं लिहून दिल्यासारखं होतं ते, आणि पुढे सिटिझनशिप अडू शकते, त्याहून वाईटही होऊ शकतं. नुसती मान डोलावली की कशावर सही केली, हे आईंना शांतपणे विचार, रागावू नकोस. सही झाली असेल तर उद्याच्या उद्या इमिग्रेशनचा वकील गाठ, नोंदणी रद्द कशी करायची तेही त्यालाच विचारून कर. घरी आलेला मतदार नोंदणीचा कुठलाही कागद फेकू नकोस, पाकिटासकट जपून ठेव. आणि मत द्यायला आईंना कोणी हौसेने गाडीत बसवून नेणार नाही, याची काळजी घे. पुढे सिटिझनशिपच्या अर्जात, अमेरिकेत कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का, हा प्रश्न येतोच. तो वाचायच्या आधी वकिलाला सगळं माहीत असू दे.