मित्राला दिलेला शब्द मोडला तर तो अधर्म होतो का?

तुम्ही लिहिलंय की मित्राने मोबाइलवरच्या जुगारात बरंच कर्ज करून ठेवलंय, 'घरी कुणाला कळता कामा नये' असा शब्द तुमच्याकडून घेतलाय, आणि आता त्याची बायको कपाटातलं सोनं कुठे गेलं म्हणून तुम्हालाच विचारतेय. भीष्म, युधिष्ठिर शब्दासाठी जन्मभर सोसत राहिले, मग मी शब्द मोडणं हा अधर्मच ना, असं तुम्ही विचारताय.

माझं मत आधीच सांगतो. वहिनींना कळलं पाहिजे. मात्र 'शब्दाला काय अर्थ आहे' असं म्हणून तो झटकू नका. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते मला महाभारतातल्या एका प्रसंगामुळे उमगलं. द्यूतसभा आणि गीता यांच्यापुढे तो जरा मागे पडलाय.

युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाने युधिष्ठिराला घायाळ केलंय आणि तो शिबिरात येऊन पडलाय. भावाची काळजी वाटून अर्जुन भीमाला आघाडीवर ठेवतो आणि कृष्णाबरोबर त्याला बघायला येतो. युधिष्ठिराला वाटतं, हे दोघं आले म्हणजे कर्ण पडला. तो आनंदाने विचारतो, कसा मारलास सांग. अर्जुन म्हणतो, अजून नाही मारला. मग युधिष्ठिराचा तोल जातो. वेदना, अपमान, तेरा वर्षांची धास्ती, सगळं बाहेर येतं आणि तो म्हणून जातो की तुला जमत नसेल तर ते गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक.

अर्जुन तलवार उपसतो. त्याने मनाशी एक व्रत धरलेलं असतं: 'गांडीव दुसऱ्याला दे' असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवायचं. हे व्रत त्याच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. आणि त्यापायी तो थोरल्या भावावर शस्त्र धरतो!

कृष्ण त्याला सुनावतो की तू वडीलधाऱ्यांजवळ बसून काही शिकलेला दिसत नाहीस. मग तो कौशिकाची गोष्ट सांगतो. गावापासून जवळच, नद्यांच्या संगमावर राहणारा हा तपस्वी. कायम खरंच बोलायचं हे त्याचं व्रत, आणि सत्यवादी म्हणून त्याचा लौकिक. एकदा दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं तिथल्या झाडीत शिरली. मागोमाग दरोडेखोर आले आणि म्हणाले, तू खरं बोलतोस ना, मग सांग, माणसं कुठे गेली? कौशिकाने झाडी दाखवली. सगळी माणसं मारली गेली. कौशिक नरकात गेला.

बरेच जण ही गोष्ट 'प्रसंगी खोटं बोललं तरी चालतं' एवढ्यापुरती वापरतात. मला ते पटत नाही. कृष्ण तिथे क्रम लावून देतो: गप्प राहून भागत असेल तर गप्प राहा, गप्प राहण्यानेच संशय येणार असेल, तर अशा वेळी खोटं बोललेलं बरं. आणि त्याच ओघात येतं, 'धारणाद्धर्ममित्याहुः'. जो धरून ठेवतो, सावरतो, तो धर्म. टिळकांनी 'गीतारहस्या'तल्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात असेच पेच घेतलेत. सवड काढून ते प्रकरण वाचा.

आता हे तुमच्या घराशी ताडून बघा. कौशिकाला विचारणारे मारायला आले होते. तुम्हाला विचारतेय ती, जिचं घर बुडतंय. तिथे तोंड उघडल्याने माणसं मेली, इथे तोंड मिटल्याने नुकसान वाढतंय. वागणं अगदी उलट, पण कारण तेच. आणि कौशिकाचं लक्ष कुठे होतं? त्या झाडीतल्या माणसांकडे नव्हतं, स्वतःच्या सत्यवादीपणाकडे होतं.

हे मी पोथी वाचून बोलत नाहीये. बाबांचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा ताई मस्कतला होती, सातवा महिना लागलेला. आधी एकदा तिचं बाळ गेलं होतं. बाबांनी मला खाटेजवळ बोलावून शपथ घातली, ताईला सांगायचं नाही, कळलं तर ती विमानात बसेल. मी शब्द दिला. दर रविवारी तिचा फोन यायचा. मी तो घेऊन गॅलरीत जायचो आणि सांगायचो, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. आतून खोकला ऐकू येऊ नये म्हणून दार ओढून घ्यायचो. आपण किती कठीण व्रत पाळतोय असंही मला वाटायचं, खोटं कशाला सांगू. बाळ नऊ दिवसांचं असताना बाबा गेले.

दोन महिन्यांनी ती आली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, जन्मभर मला 'बाळ्या, ए बाळ्या' करणारी. दारात बाळाला माझ्याकडे न देता म्हणाली, ''तुम्ही बसा, मी चहा टाकते.''

मी म्हटलं, ''ताई, शब्द दिला होता गं त्यांना.'' ती म्हणाली, ''मी आले नसते. नुसतं बोलले असते एकदा.''

हे मला सुचलंच नव्हतं. ताईला सांभाळून सांगता आलं असतं, तिच्या नवऱ्याशी, डॉक्टरांशी बोलता आलं असतं, बाबांपाशी बसून 'मला या शब्दातून मोकळं करा' असं म्हणता आलं असतं. मी शब्दाला धरून बसलो आणि तो ज्यांच्यासाठी होता ती माणसं बाजूलाच राहिली. म्हणून भीष्मांची प्रतिज्ञाही मला आता वेगळी दिसते. विचित्रवीर्य निपुत्रिक गेला तेव्हा खुद्द सत्यवतीने त्यांना सांगितलं की राज्य घे, लग्न कर. जिच्यासाठी प्रतिज्ञा केली तीच सोडवायला आली होती. भीष्म तेव्हाही हलले नाहीत. त्यांच्याबद्दलचा आदर मनात ठेवूनच म्हणतो, त्यानंतर ती प्रतिज्ञा फक्त त्यांची स्वतःची उरली.

अर्जुनाचं पुढे काय झालं, तुमच्यासाठी तेच महत्त्वाचं. अर्जुन म्हणतो, भाऊ वाचला पाहिजे आणि माझा शब्दही राहिला पाहिजे. कृष्ण सांगतो, ज्यांना तू आदराने संबोधतोस त्यांना 'तू' म्हण. थोरल्याला 'तू' म्हटलं की तो मारल्यासारखाच. अर्जुन युधिष्ठिराला नको नको ते बोलतो, जुगार काढतो, रणापासून लांब बसण्यावरून टोचतो. आणि बोलून झाल्यावर त्याच तलवारीने स्वतःला संपवायला निघतो. कृष्ण पुन्हा अडवतो. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या! युधिष्ठिर शय्येवरून उठतो आणि म्हणतो, मी वनात जातो, भीमाला राजा करा. शेवटी अर्जुन त्याच्या पायावर पडतो, दोघं रडतात, आणि मग अर्जुन कर्णाशी लढायला जातो.

शब्द मोडायची वेळ आली तरी त्याची किंमत कुणालाच चुकली नाही. ताईच्या 'तुम्ही'नंतर मला तो 'तू' कळला. तिच्या तोंडून पुन्हा 'बाळ्या' ऐकायला दीड वर्ष गेलं.

तेव्हा वहिनींकडे जायच्या आधी मित्राकडे जा. समोर बसून सांगा की हा शब्द मला आता पाळता येत नाही, दोन दिवसांत तू सांग, नाहीतर मी सांगेन. तो चिडेल, 'तू माझा कोण' म्हणेल. ऐकून घ्या, उलट बोलू नका. तो फारच खचलेला दिसला तर त्याला एकटं सोडून निघू नका, त्याच्या भावाला किंवा जवळच्या कुणाला तिथेच बोलावून घ्या. आणि सोनं कुठे गहाण ठेवलंय, पावती कुणाकडे आहे, सोडवायची मुदत कधीची आहे, एवढं मात्र त्याच बैठकीत विचारून घ्या. वहिनी सगळ्यात आधी तेच विचारतील.